मळा कोणाचा, भाव कोणाच्या हाती?

भारतात वर्षाला साधारण १३० ते १४० कोटी किलो चहा तयार होतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक आता छोट्या शेतकऱ्यांच्या जमिनीवरून येतो. चहामळा म्हटले की डोळ्यांसमोर उभे राहणारे चित्र मात्र अजून जुनेच आहे. टेकडीभर पसरलेली हिरवळ, पाठीला टोपली अडकवलेल्या बाया, लांबवर मॅनेजरचा बंगला. आपले कामगार कायदे, अनुदानाच्या योजना आणि लागवडशेतीविषयीचे वादही बरेचसे याच चित्राला धरून चालतात. एक बाजू म्हणते, डोंगराळ आणि मागास भागात रोजगार व परकीय चलन आणणारा दुसरा उद्योग नाही, तेव्हा मळे वाढू द्या. दुसरी बाजू म्हणते, ही गोऱ्या साहेबांनी मागे ठेवलेली वेठबिगारी आहे, तिला सरकारी पैसा कशाला? ईशान्य भारतात तेलताड आणि रबर, कोकणात काजू असा लागवडीचा नवा जोर सुरू असताना हा वाद नीट तपासायला हवा. दोन्ही बाजूंकडे सत्य आहे. पण निर्णय ज्यावर घ्यायचा तो मुद्दा दोघींच्याही बोलण्यात क्वचितच येतो.

आधी मोठ्या मळ्यांची बाजू. चहाची पाने खुडल्यावर काही तासांत कारखान्यात पोचावी लागतात, नाहीतर माल उतरतो. म्हणून शेत आणि कारखाना एकाच व्यवस्थेखाली असणे सोयीचे. झाडे लावल्यापासून उत्पन्न हाती येईपर्यंत तीन ते सात वर्षे जातात, तोवर भांडवल गुंतवून थांबण्याची ताकद हातावर पोट असणाऱ्याकडे नसते. शिवाय मोठा मळा वर्षभर काम देतो आणि त्यात निम्म्याहून अधिक स्त्रिया असतात. देशातल्या संघटित क्षेत्रात इतक्या मोठ्या संख्येने स्त्रियांना रोजगार देणारी ठिकाणे मोजकीच. १९५१ च्या लागवड कामगार कायद्याने या मालकांवर घर, दवाखाना, पाळणाघर, मुलांची शाळा अशा जबाबदाऱ्या टाकल्या. भूमिहीन मजुराला कोरडवाहू शेतावर असे काही मिळते का, हा प्रश्न मळ्यांच्या बाजूने बोलणारे विचारतात आणि तो रास्त आहे.

आता याच मळ्यांची जन्मकथा. १८३९ मध्ये आसाम कंपनी स्थापन झाली. स्थानिक माणसे कमी मजुरीवर राबायला तयार नव्हती, म्हणून छोटा नागपूर, ओडिशा, आंध्र या भागांतून करारबद्ध मजूर आणले गेले. पळून जाणाऱ्या मजुराला धरून आणण्याचे अधिकार मळेवाल्यांना कायद्यानेच दिले होते. १९२१ मध्ये आसामच्या चारगोला खोऱ्यातून हजारो मजूर काम टाकून गावाकडे निघाले, ते याच जाचाला कंटाळून. त्या मजुरांची पाचवी-सहावी पिढी आज आसामात आहे. झारखंडमध्ये संथाळ, मुंडा, उराँव अनुसूचित जमातींत मोडतात. आसामच्या चहामळ्यांत राहणाऱ्या त्यांच्याच भाऊबंदांना तो दर्जा नाही. दीडशे वर्षे राबूनही ज्या जमिनीवर घर आहे ती नावावर नाही. मजूर वसाहतींतल्या जमिनीचा हक्क देण्यासाठी आसाम विधानसभेने कमाल जमीनधारणा कायद्यात दुरुस्ती केली ती २०२५ मध्ये. उशीर किती झाला ते वाचकांनीच मोजावे.

रोजंदारीचे पाहू. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रह्मपुत्रा खोऱ्यातली रोजंदारी वाढून २५० रुपये झाली. मळेवाले म्हणतात, घर, सवलतीचे धान्य, जळण, औषधपाणी यांची किंमत त्यात धरा. हिशेब म्हणून ते चुकीचे नाही. पण ज्या सोयी मजुरी म्हणून मोजल्या जातात त्या मिळतात का? २०१८-२० च्या नोंदणीनुसार आसाममध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे १९५ माता दगावत होत्या, देशाची सरासरी ९७ होती. चहापट्ट्यातील गरोदर स्त्रियांना बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून १२ हजार रुपये देण्याची योजना राज्य सरकारला २०१८ मध्ये आणावी लागली. दवाखाना आणि प्रसूतीची सोय मालकाने द्यायची असे कायदा सांगत असताना सरकारला ही रक्कम मोजावी लागली, यातच त्या कायद्याचे काय झाले ते कळते.

खरा दोष कायद्याच्या रचनेत आहे, असे आमचे मत आहे. नागरिकाला सरकारने द्यायच्या गोष्टी या कायद्याने मालकाच्या ताळेबंदात घातल्या. मालक नफ्यात असेल तोवर दवाखाना चालतो. उत्तर बंगालच्या डुआर्समध्ये गेल्या पंचवीस वर्षांत अनेक मळे बंद पडले, काही वारंवार बंद-चालू होत राहिले. मळा बंद झाला की मजुरी थांबतेच, त्याबरोबर धान्य, पाणी, वीज आणि डॉक्टरही जातो. त्या बंद मळ्यांतून उपासमारीने झालेल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या आणि त्या मृत्यूंची कारणे काय लिहायची यावर सरकारी दप्तरात वाद होत राहिले. कारखाना बंद पडल्यावर मुंबईचा गिरणी कामगार देशोधडीला लागला हे आपण पाहिले आहे. त्याला निदान गावी सातबारा होता किंवा शहरात दुसरे काम शोधायची सोय होती. मळ्यातल्या माणसाला दोन्ही नव्हते.

मग कामगारांनाच मालक केले तर? हा प्रयोग झालेला आहे आणि तो समजून घेण्याजोगा आहे. केरळातल्या मुन्नारचे मळे टाटा टीकडून बाजूला काढून २००५ मध्ये कानन देवन हिल्स प्लँटेशन्स ही कंपनी उभी राहिली. तिचे बहुसंख्य भाग कर्मचाऱ्यांकडे गेले. जगातल्या फार थोड्या कर्मचारी-मालकीच्या चहा कंपन्यांत तिची गणना होऊ लागली. दहा वर्षे कौतुक झाले. सप्टेंबर २०१५ मध्ये बोनस वीस टक्क्यांवरून दहावर आला आणि याच कंपनीच्या खुडणी करणाऱ्या हजारो तमिळ भाषक स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्यांनी मुन्नारची वाहतूक थांबवली. प्रस्थापित कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांनाही त्यांनी जवळ येऊ दिले नाही, कारण हे पुढारी व्यवस्थापनाच्या पंगतीला बसतात असा त्यांचा आरोप होता. पेंबिळै ओरुमै, म्हणजे स्त्रियांची एकजूट, या नावाने ते आंदोलन ओळखले जाते. नऊ दिवसांनी वीस टक्क्यांची मागणी बोनस आणि जास्तीची रक्कम अशा रूपात मान्य झाली.

भागधारक असलेल्या बायका स्वतःच्याच कंपनीविरुद्ध संपावर गेल्या, याचा अर्थ काय लावायचा? भागाचे कागद हातात असले तरी त्यांच्याकडे निर्णय नव्हता. संचालक मंडळात बसणारे, बोनस ठरवणारे, लिलावात माल पाठवणारे लोक वेगळे होते. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये याच डोंगरात पेट्टिमुडी येथे दरड कोसळून मजूर वसाहतीच्या चाळी गाडल्या गेल्या आणि ७० माणसे गेली. मालकीचा नमुना बदलला होता, राहण्याच्या चाळी जुन्याच होत्या. तरीही हा प्रयोग फसला असे आम्ही म्हणणार नाही. नोकऱ्या टिकल्या, मळे तुकड्यातुकड्यांनी विकले गेले नाहीत आणि केरळातली रोजंदारी आसामपेक्षा बरीच वरची आहे. इतकी, की आसाम-झारखंडचे तरुण आता केरळच्या मळ्यांत खुडणीला जातात.

दुसरा मार्ग छोट्या शेतकऱ्याचा. आसामात १९७८ च्या सुमारास कृषिमंत्री सोनेश्वर बोरा यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी घराजवळच्या पडीक जमिनीत चहा लावायला सुरुवात केली. आज एकट्या आसामात असे उत्पादक लाखाहून अधिक आहेत, उत्तर बंगाल आणि निलगिरीत वेगळे. कुणाकडे दोन बिघे, कुणाकडे दहा एकर. लागवडीचे उत्पन्न कंपनीच्या खात्याऐवजी गावात येते, त्यातून पक्की घरे झाली, मुले कॉलेजात गेली. सर्वसमावेशक वाढ म्हणतात ती अशीच दिसत असावी. मोठ्या मळ्यांच्या समर्थकांनी ही गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. छोट्या माणसाला भांडवल आणि धीर नसतो हा त्यांचा युक्तिवाद या शेतकऱ्यांनी मोडीत काढला आहे.

पण याच शेतकऱ्याची पाने कोण विकत घेतो? स्वतःची बाग नसलेले, केवळ विकतच्या पानांवर चालणारे कारखाने. त्यांच्यापर्यंत पाने नेणारा दलाल मधे असतोच. पावसाळ्यात एकदम पाने फुटतात तेव्हा कारखान्याबाहेर गाड्या उभ्या राहतात आणि भाव पडतो. पाने कोमेजत असताना भावावर घासाघीस करायची सोय नसते. चहा मंडळाचे भाववाटपाचे सूत्र आहे, विक्रीच्या किमतीचा ६५ टक्के हिस्सा पाने देणाऱ्याला आणि ३५ टक्के कारखान्याला. कागदावर ते चांगले आहे. पण कारखान्याचा चहा किती रुपयांना विकला गेला हे ज्याला पाहता येत नाही, त्याला ६५ टक्के कशाचे ते कसे कळणार? तयार चहात कीटकनाशकांचे अंश सापडू लागले, अन्नसुरक्षा यंत्रणेने कडक भूमिका घेतली, तेव्हा आसामच्या या कारखान्यांनी १ जून २०२४ पासून छोट्या शेतकऱ्यांची पाने घेणार नाही असे जाहीर केले. फवारणीत चूक शेतकऱ्याची असू शकते. मात्र हंगामाच्या तोंडावर कारखान्याचे दार बंद करण्याची धमकी देता येणे, हाच या व्यवहारातला ताकदीचा फरक.

आणि या छोट्या बागेत खुडणीला येणारी बाई? लागवड कामगार कायदा पाच हेक्टरांहून मोठ्या आणि किमान पंधरा कामगारांच्या मळ्यांसाठी होता. दीड एकरवाल्याकडे रोजाने येणाऱ्या स्त्रीला घर नाही, बोनस नाही, प्रसूतीची रजा नाही. उत्पादन मोठ्या मळ्यांकडून छोट्यांकडे सरकते तसतसे कायद्याच्या छताखालचे रोजगार उघड्यावर येतात. छोट्या शेतकऱ्याचे गुणगान करताना ही बाजू बहुतेक वेळा गाळली जाते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. कारखान्याची मालकी उत्पादकाकडे असावी हा विचार विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यात प्रत्यक्षात आणला. उसाला रास्त व किफायतशीर दर आहे, चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे, थकबाकी राहिली तर साखर आयुक्तांकडे दाद मागता येते. आसामच्या चहा उत्पादकाला हे स्वप्नवत वाटेल. या सहकाराने पश्चिम महाराष्ट्राच्या गावांत शाळा, दवाखाने, महाविद्यालये उभी केली हेही खरे. पण बीडहून येणाऱ्या ऊसतोड जोडप्याला, ज्याला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात, त्या कारखान्यात कधी भाग मिळाला नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला ते हंगामभर फडात राबते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांपैकी हजारोंची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आले. शेतकऱ्याला कारखान्याचा मालक केले की समावेशकता आपोआप मजुरापर्यंत पाझरते, या समजाला आपल्या राज्याने सत्तर वर्षांत दिलेले उत्तर हे असे आहे.

केनियाचा दाखला या चर्चेत नेहमी दिला जातो, तो थोडक्यात पाहू. वसाहतकाळात बहुतांश आफ्रिकी शेतकऱ्यांना चहा लावायला मज्जाव होता. स्वातंत्र्यानंतर १९६४ मध्ये चहा विकास प्राधिकरण स्थापन झाले. पुढे २००० मध्ये त्याचे शेतकऱ्यांच्या भागभांडवलाच्या कंपनीत रूपांतर झाले. आज सहा लाखांहून अधिक छोटे उत्पादक सत्तरच्या आसपास कारखान्यांचे भागधारक आहेत आणि देशातला निम्म्याहून अधिक चहा त्यांचा आहे. पानांचे पैसे दर महिन्याला, शिवाय वर्षअखेर चहाच्या विक्रीवरून बोनस. यात दोष नाहीत असे नाही. व्यवस्थापनाच्या कारभारावर आरोप झाले, २०२० मध्ये नवा कायदा करावा लागला. पूर्व आणि पश्चिम भागांतल्या शेतकऱ्यांच्या बोनसमधल्या तफावतीवरून दरवर्षी असंतोष उसळतो. २०२१ मध्ये सरकारने लिलावात किलोमागे २.४३ डॉलरची किमान किंमत ठरवली, तर माल पडून राहू लागला आणि शेवटी ती मागे घ्यावी लागली. बाजाराला न जुमानता भाव ठरवता येत नाही. पण भाव चढला तर त्यातला हिस्सा शेतकऱ्याकडे येईल अशी तजवीज करता येते, ती केनियाने आपल्यापेक्षा बरी केली आहे.

भाव कोसळण्याचा धोका रबराने दाखवून दिला. भारतातल्या रबराखालच्या जमिनीपैकी सुमारे नव्वद टक्के छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. २०११-१२ मध्ये किलोला दोनशे रुपयांवर असलेला भाव चार वर्षांत निम्म्याजवळ आला. केरळ सरकारने २०१५ मध्ये १५० रुपयांच्या हमीची योजना आणली, फरक सरकार भरते. भातशेती असती तर पुढल्या हंगामात पीक बदलता आले असते. रबराचे झाड पंचवीस वर्षे उभे असते, त्याला पीकबदल नावाची गोष्ट नसते. तेव्हा शेतकऱ्याला अशा पिकात ढकलणाऱ्या सरकारवर त्या पंचवीस वर्षांची काही जबाबदारी येते.

या सगळ्यानंतर तेलताडाकडे पाहावे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने ११,०४० कोटींचे राष्ट्रीय अभियान जाहीर केले, भर ईशान्येवर. खाद्यतेलाची आयात कमी करण्याचा हेतू योग्य आहे. पण तेलताडाचे घड तोडल्यावर एक-दोन दिवसांत गाळावे लागतात आणि एकेक पट्टा एकेका कंपनीला नेमून दिलेला असतो. म्हणजे शेतकऱ्यासमोर विकत घेणारा एकच. मिझोराममध्ये याआधी लावलेल्या बागांतून रस्त्याअभावी, कारखान्याअभावी माल कुजल्याच्या तक्रारी झाल्याच आहेत. केंद्राने भावाचा आधार देऊ केला आहे, ही चांगली सुधारणा. तरी गाळप कारखान्यात शेतकऱ्याचा भाग असावा अशी अट त्यात नाही. आणि जी जमीन आज कुळागणिक किंवा गावाच्या सामाईक वापरात आहे, ती एकदा खासगी बागेखाली गेली की परत सामाईक होत नाही. या दोन गोष्टींची तजवीज होत नाही तोवर डोंगराळ राज्यांत लागवडीचा वेग वाढवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोकणाची गोष्ट निराळी आणि काही बाबतींत अधिक आशादायक. १९४९ च्या खोती निर्मूलनाने आणि नंतरच्या कूळकायद्याने जमीन बरीचशी कसणाऱ्याकडे आली. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि वरकस जमिनीवर हापूस-काजूची कलमे उभी राहिली. मजुरी सरकारची, जमीन शेतकऱ्याची, बाग त्याच्याच नावावर, ही या योजनेची मांडणी देशात इतरत्र शिकण्यासारखी आहे. तिचा लाभ सामाईक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असलेल्यांना कमी मिळाला, कारण मुंबईकर भाऊबंदांच्या सह्या गोळा करता करताच हंगाम निघून जातो. काजू बी मात्र चहाच्या पानासारखी नाशवंत नाही. वाळवून ठेवता येते. म्हणजे शेतकऱ्याकडे थांबण्याची सवड आहे, फक्त थांबण्यासाठी पैसा नाही. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये बी व्यापाऱ्याकडे जाते, आणि देशातल्या कारखान्यांना लागणाऱ्या बीपैकी निम्म्याहून अधिक आफ्रिकेतून येत असल्याने भावावर तिकडच्या मालाचे सावट असते. गोव्याने २०२३ मध्ये आधारभाव १२५ वरून १५० रुपये केला. महाराष्ट्राने पुढल्या वर्षी किलोमागे दहा रुपये अनुदान दिले, काजू मंडळ स्थापन केले. दहा रुपयांनी हंगाम सावरतो, शेतकरी उभा राहत नाही. आणि बी फोडणाऱ्या, टरफलातल्या तेलाने हात काळे करून घेणाऱ्या बायकांची मजुरी या चर्चेत कुठेच नसते. आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून येणाऱ्या माणसांचीही नसते.

लागवड मोठी असावी की छोटी, हा वाद निकाली काढण्याची गरज आम्हाला वाटत नाही. आसामचे जुने मळे एका रात्रीत तुकडे करून वाटता येणार नाहीत आणि छोट्या शेतकऱ्याला परत मजूर करण्यात काही शहाणपण नाही. मोठ्या मळ्यांत घर, दवाखाना आणि शाळा सरकारने ताब्यात घ्याव्यात, त्यापोटी मालकांकडून उपकर घ्यावा आणि वाचलेल्या पैशातून रोख मजुरी वाढवावी. छोट्या उत्पादकांसाठी अनुदान झाडांवर कमी आणि प्रक्रियेतल्या मालकीवर जास्त खर्च व्हावे. तेलताडाचा गाळप कारखाना असो, चहाचा असो वा काजूचा, सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक कारखान्यात शेतकऱ्यांचा ठरावीक भाग आणि हिशेब पाहण्याचा हक्क असावा. त्याबरोबर खुडणी, तोडणी, फोडणी करणाऱ्यांची नोंद कल्याणकारी मंडळाकडे व्हावी, मग बाग एका एकराची असो वा हजाराची. बांधकाम मजुरांसाठी असे मंडळ आहे, माथाडींसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून कायदा आहे. सिंधुदुर्गाच्या काजू कारखान्यातली बाई किंवा आसामच्या दोन बिघ्यांतली खुडणारी त्याबाहेर का, याचे उत्तर दोन्ही राज्यांच्या कामगार खात्यांनी द्यायला हवे. काजू मंडळाने तरी निदान पुढचा निधी अनुदानाच्या वाटपाऐवजी तारण कर्जावर आणि शेतकरी कंपन्यांच्या प्रक्रिया केंद्रांवर लावावा, आणि तो येत्या हंगामात बी उतरण्यापूर्वी द्यावा.